बाहेरच्या लाइनसाठी शून्य

परगावच्या कॉलचे बिल ही एके काळी भारतातल्या कचेऱ्यांची मोठी डोकेदुखी होती. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलायची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान पहिल्यांदा सुरू झाली. त्याआधी ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगावे लागे आणि कॉलची नोंद एक्स्चेंजमध्ये होई. एसटीडी आल्यावर मधली ऑपरेटर गेली आणि तिच्याबरोबर ती नोंदही गेली. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नसले की कोणीही रिसीव्हर उचलावा आणि नागपूरच्या मेहुण्याशी बोलत बसावे. बिल आल्यावर हेडक्लार्कला घाम फुटे. त्यावर उपाय म्हणून बाजारात एक छोटेसे कुलूप आले. गोल डायलच्या एका भोकात ते बसवून किल्ली फिरवली की चकती अडायची. आलेला फोन घेता येई, बाहेर लावता येत नसे.

कुलपाला लवकरच वाट सापडली. गोल डायलची चकती परत येताना लाइन ठरावीक वेळा तोडते: पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. रिसीव्हर ठेवायच्या खुंट्या दाबल्या तरी लाइन तुटतेच. हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी त्या खुंट्यांवर बोटाने टकटक करून नंबर लावायला सुरुवात केली. हात बसला की अख्खा नंबर न चुकता लागे, आणि कुलूप जागच्या जागी राही.

कोणी कोणाशी, कधी आणि कोणाच्या पैशाने बोलायचे, हा ऑफिसच्या टेलिफोनचा मूळ प्रश्न. आज ज्याला ईपीएबीएक्सचे, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या लहान एक्स्चेंजचे, प्रोग्रामिंग म्हणतात ते म्हणजे या प्रश्नाची उत्तरे यंत्राला सांगणे. हे काम नव्याने शिकणारा माणूस मॅन्युअल उघडून कोड शोधू लागतो. कोड दोन दिवसांत हाताला बसतात. उत्तरे मात्र मॅन्युअलमध्ये नसतात. ती ऑफिसात टेबलाटेबलाशी जाऊन विचारावी लागतात.

पूर्वी ही सगळी उत्तरे टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या ऑपरेटर बाईला ठाऊक असत.

भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज रीतसर सुरू झाले ते जानेवारी १८८२ मध्ये, ओरिएंटल टेलिफोन कंपनीकडून. त्याच्या चार वर्षे आधी, १८७८ मध्ये, अमेरिकेत बॉस्टनला एम्मा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर लागली. त्याआधी या जागी पोरगेलेसे मुलगे असत. त्यांच्या उद्धटपणाला ग्राहक कंटाळले होते. पुढे मोठ्या पेढ्यांनी, बँकांनी आणि हॉटेलांनी आपापल्या इमारतीत लहान एक्स्चेंज बसवले. शहराच्या एक्स्चेंजकडून चार-पाच लाइनी यायच्या, आतमध्ये पन्नास टेबलांवर फोन असायचे, आणि मधे हा बोर्ड.

बोर्डाचे काम जवळून पाहण्यासारखे होते. समोर उभ्या फळीवर जॅकच्या ओळी, प्रत्येकावर एक इवलासा दिवा. आडव्या फळीवर दोरांच्या जोड्या, एक मागचा आणि एक पुढचा. दिवा लागला की ऑपरेटर मागच्या दोराचा प्लग त्या जॅकमध्ये घालायची, कळ ढकलून विचारायची, मग पुढच्या दोराचा प्लग हव्या त्या टेबलाच्या जॅकमध्ये घालून घंटी वाजवायची. दोघांनी रिसीव्हर ठेवले की दोरांपाशी दिवे लागत आणि ती दोन्ही प्लग ओढून घ्यायची. गर्दीच्या वेळी बोर्डावर दोरांची जाळी होई आणि तिला त्यातला दोर न् दोर कोणाचा ते ठाऊक असे.

हाताचे काम एवढेच. खरे काम डोक्याचे. मोठे साहेब मीटिंगमध्ये असले तर कोणाचा फोन द्यायचा आणि कोणाला थोपवायचे. अकाउंट्समधला फोन कोणी उचलत नसेल तर शेजारच्या टेबलावर वाजवायचा. कॅशियर आज रजेवर आहे. कोणाला परगावची लाइन द्यायची आणि कोणाला आधी साहेबांची चिठ्ठी आणायला सांगायची. यातले काहीही कुठे लिहिलेले नसे. ती बाई निवृत्त झाली की अख्ख्या ऑफिसची घडी काही महिने विस्कटे. ऑफिसच्या टेलिफोनचा पहिला प्रोग्राम तिच्या डोक्यात होता, आणि त्या कौशल्याची जेवढी कदर व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

तिला वगळायची कल्पना अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्राउजर याने मांडली. हा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर दुसऱ्याकडे वळवते अशी त्याला शंका होती, अशी आख्यायिका सांगतात. त्याच्या स्वयंचलित स्विचचे पेटंट १८९१ चे, आणि त्यावर चालणारे पहिले एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी सुरू झाले. डायलच्या प्रत्येक आकड्यासरशी स्विचचा दांडा तितक्या पायऱ्या वर चढतो, मग आडवा फिरून मोकळी वाट शोधतो, अशी त्याची रचना. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिमल्याला बसले.

ऑफिसच्या लहान एक्स्चेंजमध्येही हेच स्विच आले, आणि तिथेच बाहेरच्या लाइनसाठी वेगळा आकडा फिरवायची पद्धत पडली. दांडा एका ठरावीक पायरीवर पोहोचला की शहराची लाइन मिळायची. अमेरिकेत ही पायरी नवाची, आणि शून्य ऑपरेटरसाठी. भारतात बहुतेक ठिकाणी उलट: शून्यावर बाहेरची लाइन, नवावर ऑपरेटर. प्रोग्रामिंग म्हणावे तर या यंत्रात ते तारांत होते. एखाद्याचा नंबर बदलायचा किंवा कोणाची बाहेरची लाइन बंद करायची तर कंपनीचा माणूस पक्कड आणि सोल्डर घेऊन येई.

लिहून ठेवलेल्या आज्ञांवर चालणारे ऑफिसचे एक्स्चेंज आले १९६३ मध्ये. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीने ते फ्लॉरिडातल्या कोको बीचला बसवले, आणि त्याचे नाव १०१ ईएसएस. फोन जोडणारा भाग गिऱ्हाइकाच्या इमारतीत, आणि त्याला हुकूम देणारा भाग टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये, अशी विभागणी होती. नियम आता स्मृतीत साठवलेले होते, बदलायला सोल्डर लागत नव्हते. पण बदलायचा अधिकार अजून कंपनीकडेच होता.

त्याच वर्षी बेलने पेनसिल्व्हेनियात बटनांचा फोन विकायला काढला. प्रत्येक बटनाला दोन स्वर. सुरुवातीला बटने दहाच होती. तारा (*) आणि हॅश (#) ही दोन १९६८ च्या सुमारास आली. या दोन बटनांचे महत्त्व सहसा कोणी सांगत नाही, पण या हकिगतीतला सर्वांत मोठा बदल त्यांनीच घडवला. गोल डायलवरून यंत्राला फक्त नंबर सांगता येत होता. तारा दाबून पुढचे आकडे दिले की यंत्राला कळते: हा नंबर नाही, हा हुकूम आहे. ज्या फोनवर बोलायचे त्याच फोनवरून एक्स्चेंजला नियम सांगता येऊ लागले. वेगळा संगणक नको, पडदा नको.

१९६८ मध्येच दुसरी एक गोष्ट झाली. टेक्सासच्या थॉमस कार्टर याने वायरलेस सेट टेलिफोनला जोडायचे कार्टरफोन नावाचे उपकरण केले होते, आणि बेल कंपनीचा त्याला विरोध होता. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कार्टरच्या बाजूने निकाल दिला. बेलखेरीज दुसऱ्यांची उपकरणे लाइनला जोडायला वाट मोकळी झाली, आणि ऑफिसला स्वतःचे एक्स्चेंज बाजारातून विकत घेता येऊ लागले. १९७५ मध्ये रोल्म आणि नॉर्दर्न टेलिकॉम या दोन्ही कंपन्यांनी डिजिटल यंत्रे आणली. यंत्र आपले झाले तसे नियम घालायचे कामही आपल्या गळ्यात आले. ऑफिसातला स्टोअरकीपर नाही तर सेक्रेटरी मॅन्युअल उघडून बसू लागली.

त्यांच्यासाठी केलेले सर्वांत समजूतदार यंत्र म्हणून नॉर्दर्न टेलिकॉमच्या नॉरस्टारचे नाव घ्यावे लागेल. कॅनडातल्या या कंपनीने ते १९८८ मध्ये आणले. लहान दुकाने, दवाखाने, वकिलांची ऑफिसे हे त्याचे गिऱ्हाईक. भिंतीवर एक डबा, आणि टेबलावर दोन ओळींचा पडदा असलेला फोन. प्रोग्रामिंगला सुरुवात करायची तर फीचर बटन, दोनदा तारा, आणि बटनांवरच्या अक्षरांनी लिहायचे ‘कॉन्फिग’: २६६३४४. पासवर्ड विचारला की पुन्हा तेच. मग मॅन्युअलबरोबर आलेली कागदाची पट्टी फोनच्या बटनांवर ठेवायची. तिच्यावर हेडिंग, बॅक, शो आणि नेक्स्ट असे लिहिलेले. या चार बटनांनी सगळी यादी वरखाली आणि मागेपुढे फिरायची.

कोरे यंत्र नव्याने सुरू करायचे असेल तर वेगळा कोड होता, ‘स्टार्टअप’, आणि तो वीज दिल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांतच चालायचा. कारण त्याने जुने सगळे पुसले जाई; चालू ऑफिसात तो चुकून कोणाच्या हातून लागू नये म्हणून ही मुदत. मग यंत्र विचारी, तुमच्या ऑफिसची रीत कोणती? सगळ्या फोनांवर सगळ्या लाइनी दिसाव्यात अशी ‘स्क्वेअर’, की शून्य किंवा नऊ दाबून लाइन मागायची अशी ‘पीबीएक्स’, की दोन्हींची सरमिसळ? याचे उत्तर फोनच्या पडद्यावर शोधणारा फसायचा. या यंत्रांबरोबर नोंदीचे छापील तक्ते यायचे: कोणता फोन, कोणाचे नाव, कोणती लाइन कोणाकडे वाजते, रात्री कुठे वाजते, कोणाला कुठपर्यंत डायल करायची मुभा. ते पेन्सिलने भरून मगच बटनांना हात लावायचा, असा अनुभवी मेकॅनिकांचा शिरस्ता. जुन्या ऑपरेटर बाईच्या डोक्यातला ऐवज कागदावर उतरला तो या तक्त्यांवर. नॉर्टेल झालेली ती कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण नॉरस्टारचे डबे त्यानंतरही वर्षानुवर्षे भिंतींवर चालत राहिले.

भारतात दार उघडले ते १९८४ मध्ये. ग्राहकाच्या बाजूची टेलिफोनची उपकरणे बनवायला खासगी कारखान्यांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. ती उभारणाऱ्या सॅम पित्रोदांनी देशी एक्स्चेंजसाठी छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये असा वायदा केला होता. संस्थेच्या पहिल्या कामांत १२८ पोर्टांचे ऑफिसचे एक्स्चेंज होते, आणि त्याच घराण्यातले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला लागले. ते धूळ आणि उकाडा सोसणारे होते, त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. पुढे १९९१ मध्ये वडोदऱ्यात मॅट्रिक्स सुरू झाली आणि देशी ईपीएबीएक्स लहान गावांतल्या पतपेढ्या, नर्सिंग होम आणि कारखान्यांपर्यंत पोहोचले.

इथली गरज अमेरिकेपेक्षा वेगळी होती. तिथे लाइनी मुबलक. इथे एका लाइनीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची. दोन लाइनींवर वीस माणसांचे भागवायचे, म्हणून ईपीएबीएक्स. त्यामुळे भारतीय मेकॅनिकला पहिला प्रश्न हमखास एकच विचारला जाई: एसटीडी कोणाकोणाची बंद होईल? डायलच्या कुलपाला जे जमले नाही ते आता तीन-चार आकड्यांत झाले. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग: कोणाला फक्त इंटरकॉम, कोणाला लोकल, कोणाला एसटीडी, साहेबांना आयएसडी. रात्री वर्ग बदलायचा, म्हणजे वॉचमनच्या केबिनमधून लोकलच लागेल. ज्याला कधी तरी परगावी बोलावे लागते त्याला स्वतःचा गुप्त कोड. हॉटेलात गिऱ्हाइकाने चेक-आउट केले की खोलीचा फोन बंद. हे तक्ते वाचले तर त्या ऑफिसातली उतरंड जशीच्या तशी दिसते. काही ठिकाणी ती नको इतकी कडक होती: आजारी आईला फोन लावायला शिपायाने साहेबांच्या दारात उभे राहावे, असे यंत्राने ठरवू नये.

भारतीय शून्याचा गुंता हा या कामातला खास धडा. बाहेरच्या लाइनला शून्य, एसटीडीलाही आधी शून्य, आयएसडीला दोन. म्हणजे ऑफिसातून पुण्याला ०, ०, २० आणि मग नंबर; परदेशात तर सुरुवातीलाच तीन शून्ये. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचा नियम झाला, आणि काल लागणारे नंबर ऑफिसांतून आज लागेनासे झाले. ज्यांच्या यंत्रात मोबाइलचा नंबर ओळखून शून्य आपोआप घालायची सोय होती त्यांनी एक ओळ बदलली. बाकीच्यांनी प्रत्येक टेबलावर चिठ्ठी चिकटवली.

कुलुपे आज्ञांची झाली तशा चोरवाटाही आज्ञांतूनच निघाल्या. बाहेरून फोन करून, पासवर्ड देऊन, ऑफिसच्या लाइनीवरून पुढे बोलायची सोय बहुतेक ईपीएबीएक्सांत असते. फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींसाठी ती केलेली. कारखान्यातून येताना पासवर्ड १२३४ सारखा सोपा असतो आणि अनेक ठिकाणी तोच राहतो. अशा यंत्रांवरून परक्या माणसांनी सुट्टीच्या दिवसांत परदेशी कॉल केल्याचे आणि बिल कंपनीच्या माथी आल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. शिकाऊ माणसाने यंत्राला पहिली आज्ञा द्यावी ती पासवर्ड बदलायची.

गेल्या पंचवीस वर्षांत यंत्रच नाहीसे होत आले. अलाबामात मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ मध्ये लिनक्सची दुरुस्ती-मदत देणारी छोटी कंपनी काढली. विकतचे एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंज स्वतः लिहिले आणि ते सगळ्यांना फुकट दिले: अ‍ॅस्टरिस्क. त्याचा सगळा नियमांचा कारभार साध्या मजकुराच्या फायलीत असतो. शंभर नंबर लागला तर अमुक फोन वीस सेकंद वाजव, ही एक ओळ. कोणी उचलला नाही तर निरोप घे, ही दुसरी. बोर्डावरची बाई मनातल्या मनात जे म्हणत होती, ते आता जसेच्या तसे वाचता येते. चूकही वाचता येते, हा त्याचा मोठा फायदा.

चूक किती महाग पडू शकते हे टेक्सासमधल्या मार्शल गावी डिसेंबर २०१३ मध्ये दिसले. एका मोटेलच्या खोलीत करी हंट या तरुणीवर प्राणघातक हल्ला होत असताना तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला. शिकवल्याप्रमाणे तिने चार वेळा लावला. फोन गेला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता, आणि ते त्या मुलीला माहीत असणे शक्य नव्हते. करीचा मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी त्यानंतर जी मोहीम चालवली तिच्यातून ‘करीज लॉ’ हा अमेरिकी कायदा झाला. त्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये सही झाली आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून बसणाऱ्या नव्या यंत्रांना तो लागू आहे. कोणताही आकडा आधी न दाबता ९११ थेट लागला पाहिजे आणि तसा फोन गेला की इमारतीतल्या काउंटरवर कळले पाहिजे, एवढीच त्याची मागणी. बहुतेक यंत्रांत ही सोय काही मिनिटांच्या प्रोग्रामिंगची होती.

भारतीय ऑफिसांत आणि लॉजांत धोका दुहेरी आहे. एक तर आधीचे शून्य. दुसरे म्हणजे एक्स्टेन्शनचे नंबर. पहिल्या मजल्यावरच्या खोल्या १०१ पासून सुरू होतात आणि खोलीचा नंबर तोच एक्स्टेन्शनचा नंबर, अशी सोयीची रीत आहे. पण १०१ हा अग्निशमन दलाचा नंबर, १०२ आणि १०८ रुग्णवाहिकेचे, ११२ हा सगळ्यांचा एकत्रित. अशा इमारतीत घाबरलेल्या माणसाने ११२ लावला तर बाराव्या खोलीतली घंटी वाजेल. नंबर २०१ पासून दिले आणि ११२ साठी थेट वाट ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा आपल्या ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात किंवा सोसायटीत ईपीएबीएक्स असेल तर पुढच्या खेपेला सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याला थांबवून दोन गोष्टी तपासून घ्या: शून्य न लावता ११२ बाहेर जाण्याची सोय यंत्रात घातली आहे का, आणि १००, १०१, १०२, १०८, ११२ यांतला एखादा नंबर आतल्या कोणाला दिला आहे का. दिला असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.